ग्रो लाइट छताला टांगायचाय? आधी साखळीचा हिशोब, मग ड्रिल



घरच्या घरी मायक्रोग्रीन्सचा व्यवसाय करू म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, लाइट कुठली घेऊ?" किती वॅटची, पांढरी की जांभळी, कुठल्या कंपनीची. आजवर एकानंही विचारलं नाही की ती लाइट टांगायची कशी. मीसुद्धा सुरुवातीला हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. त्याची किंमत मोजली, म्हणून आज फक्त याच एका विषयावर लिहितोय.

माझ्या मागच्या खोलीत फॉल्स सीलिंग आहे. लाइट लावायला आलेल्या माणसानं त्यातच दोन भोकं पाडली, प्लास्टिकच्या गट्ट्या ठोकल्या, स्क्रूचे हुक फिरवले आणि तीन किलोच्या आत-बाहेर वजनाचं पॅनेल लटकवून दिलं. मी खाली उभा राहून "छान, छान" म्हणत होतो. चूक माझीच, कारण घाई मला होती. दहा-बारा दिवस काही झालं नाही. मग एका पहाटे धाडकन आवाज आला. जाऊन बघतो तर पॅनेल ट्रेंवर आडवं, पीओपीचा चुरा सगळीकडे, आणि त्या दिवशी दुपारी एका कॅफेला द्यायची दीड किलोची ऑर्डर त्या चुऱ्याखाली. कॅफेवाले भले माणूस होते, काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी माल दुसरीकडून घेतला, आणि पुढच्या आठवड्यातही दुसरीकडूनच घेतला.

पॅनेल दुरुस्त झालं. तो ग्राहक मात्र परत आला नाही.

उंची बदलता का आली पाहिजे

छतालाच घट्ट बसवून टाकली तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. घरातली ट्यूब तशीच असते ना? पण ट्यूब आपल्याला दिसावं म्हणून असते, आणि रोपाला प्रकाश जेवायला लागतो. छताला चिकटलेल्या ट्यूबखाली आपण पेपर वाचू शकतो, पण त्याच खोलीत टेबलावर ठेवलेला मोहरीचा ट्रे उपाशी राहतो.

लहान गोल बल्ब असेल तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. लांब ट्यूबच्या किंवा बॅटनच्या जवळ हे थोडं सौम्य असतं, तिथे अंतर दुप्पट केलं तर प्रकाश साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे ८ इंचांवरची बॅटन १६ इंचांवर नेली की तेवढ्याच विजेत निम्मं काम. रोपाला हे लगेच कळतं. ते प्रकाश शोधत वर वर ताणलं जातं, देठ लांब, पातळ, फिकट होतो आणि पानं लहान राहतात. आपल्याकडे अशा रोपाला काटकुळं म्हणतात. डब्यात भरलं की ते आडवं पडतं आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या आतून पाणी सुटलेलं दिसतं.

मग लाइट अगदी खाली आणायची का? तसंही नाही. फार जवळ आणली की उजेड मधल्या पट्ट्यातच पडतो आणि ट्रेच्या कडा उपाशी राहतात. लाइट ताकदीची असेल तर शेंडे पांढुरके पडतात किंवा वाळतात. म्हणजे खाली आणली की तीव्रता वाढते, वर नेली की पसारा वाढतो. या दोघांच्या मधली जागा तुमच्या लाइटसाठी कुठे आहे ते तुम्हालाच शोधावं लागतं. त्यात रोप दर दिवशी वाढत असतं. अंतर मोजायचं ते ट्रेपासून नाही, रोपाच्या शेंड्यापासून. आज ८ इंच ठेवलेलं अंतर चार दिवसांनी आपोआप ६ इंच झालेलं असतं.

सुरुवातीला आकडा हवा असेल तर मी असा धरतो: साध्या ४ फुटी, २० वॅटच्या, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी बॅटनसाठी शेंड्यापासून ६ ते १० इंच. (हो, मायक्रोग्रीन्सला ही साधी बॅटन चालते, जांभळी लाइट असलीच पाहिजे असं काही नाही.) १०० वॅटच्या आसपासचं पॅनेल असेल तर दीड ते दोन फुटांपासून सुरुवात करा, आणि पॅनेलबरोबर आलेला कागद फेकण्याआधी वाचा. हाताची परीक्षाही करून बघा. शेंड्यांच्या उंचीवर तळहात उपडा धरून अर्धा मिनिट थांबायचं. हाताच्या पाठीला चटका जाणवला तर लाइट जवळ आहे. चटका नसला म्हणजे अंतर बरोबर असं मात्र समजू नका, एलईडीची उष्णता कमी असते आणि उजेड तरीही जास्त होऊ शकतो. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप इथे उपयोगी पडतं. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच मोबाइलनं ट्रेच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजलं तर तुलना छान होते. कोपऱ्यात मध्याच्या निम्माच उजेड दिसला तर लाइट इंच-दोन इंच वर घ्या, किंवा रोज ट्रे फिरवा.

विजेचा नाही, ट्रेचा हिशोब

आपण व्यवसायाची गोष्ट करतोय, तर कागद-पेन घ्या.

२० वॅटच्या दोन बॅटन, रोज १४ तास. ४० गुणिले १४ म्हणजे ५६० वॅट-तास, म्हणजे ०.५६ युनिट. महिन्याला १६.८ युनिट. हिशोबाला सोपं म्हणून युनिटचे १० रुपये धरू, तुम्ही तुमच्या बिलावरचा दर घाला. महिन्याचे झाले १६८ रुपये. या दोन बॅटनखाली १० बाय २० इंचांचे चार ट्रे बसतात. अंधारातले दिवस संपवून ट्रे लाइटखाली सहा दिवस राहिला, तर महिन्यात पाच फेऱ्या, म्हणजे २० ट्रे. एका ट्रेला विजेचे ८ रुपये ४० पैसे.

आता समजा लाइट उंच राहिली, रंग भरेना, पानं उघडेनात, म्हणून प्रत्येक ट्रे आठ दिवस ठेवला. फेऱ्या पावणेचार, ट्रे १५. विजेचा खर्च ट्रेमागे ११ रुपये २० पैसे झाला. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "तीन रुपयांनी काय होतंय?" अहो, तीन रुपये सोडा. महिन्याला पाच ट्रे कमी निघाले त्याचं काय? जागा तीच, लाइट तीच, मेहनत तीच, आणि विकायला माल पाव हिश्शानं कमी. ही साखळीच्या चार-पाच कड्यांची किंमत आहे.

टांगायची कशाला

छत बघा. ड्रिल काढायच्या आधी छताकडे नीट बघणारा माणूस मला क्वचितच दिसतो.

बहुतेक फ्लॅटमध्ये आरसीसी स्लॅब असतो, साधारण ४ ते ६ इंच जाडीचा. त्याला खालून गिलावा. टांगायला हे उत्तम, पण गट्टी-स्क्रू वापरून नाही. कारण साधं आहे. भिंतीतल्या गट्टीवर वजन आडवं येतं, स्क्रू भोकाच्या कडेवर टेकून राहतो. छतातल्या गट्टीवर तेच वजन तिला सरळ बाहेर ओढत असतं, चोवीस तास. प्लास्टिक फक्त घर्षणावर धरून असतं आणि एक दिवस सोडतं. छताला लोखंडी अँकर फास्टनरच हवा, हुक किंवा गोल कडी असलेला. तो आवळला की भोकात फुगतो आणि काँक्रीटला धरतो. हार्डवेअरच्या दुकानात "स्लॅबला टांगायचा हुकवाला फास्टनर" म्हटलं की देतात.

फॉल्स सीलिंग असेल तर माझी गोष्ट वर वाचलीतच. पीओपी किंवा जिप्सम बोर्ड ही सजावट आहे, वजन धरायला नाही. त्यात भोक पाडून वरच्या मूळ स्लॅबला फास्टनर मारायचा आणि साखळी त्या भोकातून खाली घ्यायची. मी आता तसंच केलंय.

कोकणातलं कौलारू घर किंवा जुनी लाकडी तुळयांची चाळ असेल तर तुम्ही नशीबवान. वासा किंवा तुळई शाबूत आहे का, वाळवी नाही ना, टोचून बघा, आणि साखळीचा वेढा सरळ तिच्याभोवती घाला. पत्र्याच्या शेडमध्ये साखळी लोखंडी पाइपला किंवा अँगलला बांधा, पत्र्याला कधीच नाही. पत्र्याखाली उन्हाळ्यात मायक्रोग्रीन्स होतील का, हा वेगळाच आणि जरा दुःखद विषय आहे.

भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारल्याशिवाय ड्रिल नको. लोखंडी रॅक घ्या, वरच्या खणाला साखळी अडकवा, काम झालं.

आणि पंख्याचा हुक? रिकामा दिसतोय म्हणून मोह होतो. एकच हुक असल्यामुळे लाइट भोवऱ्यासारखी फिरत राहते आणि तो हुक नेमका ट्रेच्या डोक्यावर कधीच नसतो. सोडून द्या.

प्रत्यक्ष काम

आधी वजन. लाइट, पट्ट्या, वायर, सगळं एकत्र वजनकाट्यावर ठेवा. दोन बॅटन असतील तर त्या एकमेकींपासून १० इंचांवर ठेवून दोन आडव्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवर स्क्रूनं बसवा, म्हणजे एकच चौकट होते. चौकटीच्या प्रत्येक टोकाला दोन कोपऱ्यांतून दोन छोट्या साखळ्या वर घ्या आणि त्या एका कडीत जोडा. उलट्या व्ही सारखं दिसेल. असं केलं की छताला चार नाही, दोनच हुक लागतात आणि चौकट एका बाजूला कलंडत नाही.

मग साखळीची लांबी. माझ्या खोलीचं मोजमाप देतो. छत जमिनीपासून ९ फूट ६ इंच, टेबल २ फूट ६ इंच, ट्रे २ इंच, त्यावर लाइट ८ इंच. म्हणजे लाइट जमिनीपासून ३ फूट ४ इंचांवर. वर उरले ६ फूट २ इंच. त्यातून व्ही-साखळीची उंची वजा करा, आणि खाली-वर करायला फूटभर जास्त घ्या. दोन्ही बाजूंना तेवढी. दुकानात "अंदाजे द्या पाच-पाच फूट" म्हणालात तर परत फेरी आहे.

छतावर खूण करायला डोळ्याचा अंदाज नको, ओळंबा घ्या. नसेल तर दोऱ्याला नट बांधा. टेबल जिथे कायम राहणार तिथे ठेवा, छतावरून दोरा सोडा, नट जिथे हवा तिथे आला की वर पेन्सिलीची खूण. ४ फुटी चौकटीला दोन हुकांमधलं अंतर साधारण ३ फूट ठेवतो मी. चौकटीवर व्ही-साखळ्या जिथे आहेत, बरोबर त्यांच्या डोक्यावर.

ड्रिल करण्याआधी दोन गोष्टी. पंख्याच्या आणि दिव्याच्या पॉइंटच्या वायरी बहुतेकदा स्लॅबमध्ये पुरलेल्या पाइपातून जातात. पंख्याच्या डब्यापासून भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका, आणि त्या खोलीचा मेन बंद करा. ड्रिल दुसऱ्या खोलीच्या वेगळ्या लाइनवरून चालवा. दुसरी गोष्ट, स्लॅबवर ओल, तांबूस डाग किंवा फुगलेला गिलावा दिसत असेल तर आतली सळई गंजलेली असू शकते. तिथे भोक नकोच, जागा बदला.

हॅमर ड्रिल लागतो. साध्या ड्रिलनं अर्धा तास फिरवत बसाल आणि गिलाव्याच्या पुढे जाणार नाही. फास्टनरच्या बाहेरच्या नळीचा जेवढा व्यास तेवढाच बिट. मोठा घेतलात तर फास्टनर आत गोल फिरत बसतो. नळीची लांबी मोजून त्यात गिलाव्याची जाडी मिळवा आणि बिटला तिथे चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे किती खोल जायचं ते कळतं. पकड काँक्रीटमध्ये हवी, गिलाव्यात नाही. एक जुना रबरी चेंडू अर्धा कापून बिटमध्ये ओवा, वाटीसारखा. सगळी धूळ त्यात पडते. तरीही चष्मा हवाच. वर बघून ड्रिल मारताना डोळ्यात गेलेला सिमेंटचा कण म्हणजे दवाखान्याची फेरी. घोड्यावर चढणार असाल तर खाली धरायला माणूस उभा करा.

बिट मध्येच अडला, किंचाळायला लागला, चकचकीत लोखंडी भुसा पडला, तर सळई लागली. जोर लावू नका. दोन इंच सरका आणि नवीन भोक पाडा. भोक झालं की सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवा, फास्टनर हातोडीनं हलके ठोका, मग पाना लावून आवळा.

आणि आता ती गोष्ट, जी मी पहिल्यांदा केली नव्हती. लाइट लगेच टांगायची नाही. प्रत्येक हुकाला १० किलो तांदळाची पिशवी बांधा आणि रात्रभर लटकू द्या. खाली कोणी झोपायचं नाही, ट्रे ठेवायचे नाहीत. सकाळी हुक जागचा हलला नसेल, भोवती तडा नसेल, तर तुमची तीन किलोची लाइट तो आरामात धरेल. आमच्या घरी या तांदळाच्या पिशव्यांवरून बरीच थट्टा झाली, पण रात्री मी शांत झोपलो.

सोसायटीत असाल तर दुपारच्या झोपेच्या वेळात ड्रिल चालवू नका. शेजारी तुमचे पहिले ग्राहक असू शकतात.

वर-खाली कशानं करायचं

सगळ्यात स्वस्त म्हणजे साखळी आणि एस-हुक. उंची बदलायची की हुक काढायचा आणि वरच्या कडीत घालायचा. तुटायला काही नाही, बिघडायला काही नाही. कटकट एवढीच की दोन्ही बाजूंना कड्या मोजाव्या लागतात. सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो.

दुसरा प्रकार रोप रॅचेट, ऑनलाइन जोडीनं मिळतो. मोकळी दोरी ओढली की लाइट वर जाते, छोटा खटका दाबला की खाली येते. रोज उंची बदलणाऱ्याला फार सोयीचा. फक्त आतलं चाक धातूचं आहे का बघा, आणि पाकिटावर लिहिलेलं वजन एकाचं आहे की जोडीचं ते वाचा. खटका दाबायच्या आधी दुसऱ्या हातानं लाइटचं वजन उचलून धरायचं. नाहीतर ती सरळ ट्रेवर येते.

तिसरा प्रकार तुमच्या गॅलरीत आधीच असेल. कपडे वाळवायचा कप्पीचा हँगर! एक दोरी ओढली की दांडीची दोन्ही टोकं एकदम वर जातात. आपल्याला हवं ते हेच. दांडीला चौकट लटकवायची आणि दोरी भिंतीवरच्या खुंटीला बांधायची. पण नायलॉनची दोरी कालांतराने ताणते आणि गाठ सरकते. म्हणून यात छताच्या हुकापासून चौकटीपर्यंत एक सैल साखळी वेगळी लावतो मी. दोरी सुटलीच तर लाइट ट्रेच्या चार इंच वर थांबते. खरं तर ही जादाची साखळी तिन्ही प्रकारांत असावी. ओल्या कपड्यांच्या दांडीशेजारी मात्र लाइट नको.

चौकट टांगली की पाणसळ ठेवून बघा, मोबाइलमधली चालेल. एक बाजू इंचभर खाली असेल तर त्या बाजूचे ट्रे वेगळे वाढतात आणि आपण दोष बियाण्याला देतो. खोलीत पंखा असेल तर चौकट झुलते, एक पातळ दोरी भिंतीला बांधली की थांबते.

विजेचं थोडक्यात पण कान देऊन ऐका. लाइट कधीही तिच्या वायरवर लोंबकळता कामा नये. वायर साखळीबरोबर सैल वर न्या आणि लाइट पूर्ण खाली आली तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवा. प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळाच्या टोकावरून जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेखाली जमिनीवर ठेवू नका. धातूच्या चौकटीला अर्थिंग हवं. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो जादा लोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो, माणसाला शॉक बसला तर त्याच्यावर भरवसा नाही. फवारणी करताना लाइट बंद.

एवढं झालं की पहिल्याच फेरीत एक प्रयोग करा. मोहरीचे तीन ट्रे, बी तेवढंच, पाणी तेवढंच. पहिल्यात शेंड्यापासून ६ इंच, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १६. एकाच चौकटीखाली करत असाल तर लाइट जागेवर ठेवा आणि ट्रेखाली विटा किंवा डबे ठेवून उंची बदला. कापणीच्या दिवशी तिन्हींचं वजन करा, आणि तिन्ही डबे फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवून उघडा. माझ्याकडे १६ इंचांचा माल उंच दिसला, कापताना भरपूर वाटला, आणि तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी बसला. १० इंचांचा तसाच उभा होता. तुमच्या लाइटचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून माझं उत्तर कॉपी करू नका.

जी उंची जमेल तिथल्या कडीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, दोन्ही साखळ्यांना. तारीख आणि पिकाचं नाव वहीत. पुढच्या वेळी घरातलं कोणीही लाइट बरोबर उंचीवर लावू शकतं, तुम्ही माल पोचवायला बाहेर असलात तरी.

पुढच्या व्हिडिओत टायमर आणि ट्रेची मांडणी घेतोय. तोपर्यंत छताची उंची मोजून ठेवा.